फाल्सिपेरमचे कल्चर अधूनमधून का बसते? स्लाइडपासून साठ्यापर्यंत क्रमाने तपासणी

हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम शरीराबाहेर अखंड वाढवता येतो, हे ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ साली दाखवले. त्यांनी वापरलेले सामान साधेच होते: आरपीएमआय १६४० मीडियम (पोषक द्रव), माणसाचे सीरम, तांबड्या पेशी, एक डेसिकेटर (हवाबंद काचेचे भांडे) आणि त्यात पेटवलेली मेणबत्ती. तरीही हे कल्चर दोन-तीन महिने झकास चालते आणि मग एका आठवड्यात माना टाकते. पुन्हा गोठवलेल्या साठ्यातली नवी कुपी वितळवायची, पुन्हा दोन-तीन महिने, पुन्हा तेच.

हे ज्यांच्याकडे घडते त्यांच्यासाठी ही तपासणी आहे. ३डी७ किंवा डीडी२ यांसारखा रुळलेला स्ट्रेन (परजीवीचे वाण), टी-२५ फ्लास्क, अल्ब्युमॅक्स (सीरमऐवजी वापरायचे प्रथिन) किंवा सीरम घातलेले मीडियम आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी असलेली पातळी-२ची प्रयोगशाळा, एवढे गृहीत धरले आहे.

पहिला नियम असा की घाबरून सगळे एकदम बदलू नका. नवे रक्त, नवे मीडियम आणि वायूचा नवा सिलिंडर एकाच दिवशी लावले तर कल्चर सावरेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि दोन महिन्यांनी तो परत येईल. कल्चर बसते त्याच्या आधीच्या चार दिवसांत बहुतेक वेळा काहीतरी नवे आलेले असते: रक्ताची बॅग, अल्ब्युमॅक्सची बाटली, पाण्याचे काट्रिज, सिलिंडर किंवा नवा विद्यार्थी. म्हणून आधी नोंदवही उघडा. तीत ही माहिती नसेल तर पहिला दोष तोच.

लक्षणे

पॅरासायटेमिया, म्हणजे शेकडा किती तांबड्या पेशींत परजीवी आहे ते प्रमाण, किती आहे यापेक्षा तो ४८ तासांच्या एका चक्रात किती पट झाला ते बघा. पेशीत शिरलेला परजीवी आधी रिंग, मग ट्रोफोझोइट आणि शेवटी शायझॉन्ट होतो. एका पिकलेल्या शायझॉन्टमधून १६ ते ३२ मेरोझोइट, म्हणजे नव्या पेशीत शिरणारे परजीवी, बाहेर पडतात, पण सगळ्यांना पेशी गाठता येत नाही. एका चक्रात ३ ते ५ पट वाढ समाधानकारक, त्याहून जास्त असेल तर उत्तम. सलग दोन चक्रांत दुपटीच्या खाली राहिली तर पुढचे वाचा.

स्लाइडवर कोणती अवस्था कुठे अडली आहे त्यावरून अर्धे निदान होते, म्हणून इथे घाई नको.

• रिंग दिसतात, पण ट्रोफोझोइट होत नाहीत, किंवा झाले तरी बारीक आणि आकसलेले राहतात. संशय मीडियम, तापमान किंवा रक्तातून आलेल्या औषधावर.

• ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट भरघोस आहेत, पण दुसऱ्या दिवशी नव्या रिंग नाहीत आणि मेरोझोइट पेशींबाहेर घोळक्याने पडलेले दिसतात. परजीवी वाढला, पण त्याला दार उघडले नाही. संशय तांबड्या पेशींवर.

• पहिले चक्र अगदी नीट जाते आणि दुसऱ्या चक्रात सगळे एकदम मरते. हे फार बोलके लक्षण आहे, त्याबद्दल रक्ताच्या भागात.

• पेशीत जांभळट-काळा गोल ठिपका दिसतो, भोवती निळा सायटोप्लाझम जवळपास नाही. गर्दी आणि उपासमारीने मेलेला परजीवी असाच दिसतो.

• केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीची लैंगिक अवस्था, अचानक वाढले. कल्चरवर ताण आला आहे.

• मीडियम एका रात्रीत पिवळे आणि गढूळ झाले, खालचा पेशींचा थर चॉकलेटी पडला. हा जंतुसंसर्ग आहे. फ्लास्क उघडू नका, थेट संसर्गाच्या भागाकडे जा.

१. आधी स्लाइडवर संशय घ्या

याला खर्च काही नाही, आणि ‘कल्चर मेले’ अशा ओरडीतली बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

पातळ स्मिअर पूर्ण वाळवा, मिथेनॉलमध्ये ३० सेकंद ते १ मिनिट बुडवा, पुन्हा वाळवा आणि ताज्या बनवलेल्या १० टक्के गिम्सा रंगात १५ ते २० मिनिटे ठेवा. गिम्सा पातळ करायला पीएच ७.२चा बफर हवा, नळाचे पाणी नको. पीएच खाली गेला की केंद्रकाचा लाल रंग आणि सायटोप्लाझमचा निळा रंग वेगळे उमटत नाहीत आणि कोवळ्या रिंग नजरेतून सुटतात. सकाळी पातळ केलेला गिम्सा संध्याकाळी वापरला की त्याचे कण पेशींवर बसतात. नवखा माणूस तेच मोजतो, आणि मग कागदावर ४ टक्के आणि फ्लास्कमध्ये अर्धा टक्का असा प्रकार होतो.

पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओली असते आणि सैल झाकणाच्या बाटलीतले मिथेनॉल ती ओल ओढून घेते. मग तांबड्या पेशींत चकाकणारी भोके आणि खड्डे दिसतात, आणि ते परजीवी आहेत की काय अशी शंका येते. मिथेनॉल लहान बाटलीत काढा, रोज ताजे घ्या आणि स्मिअर ड्रायरच्या गार हवेवर वाळवा.

मोजणीचेही तसेच. अर्धा टक्का पॅरासायटेमियाला १००० पेशींत सरासरी ५ परजीवी येतात. आज ३ सापडले आणि उद्या ८ सापडले तर ती वाढ नसते, निव्वळ योगायोग असू शकतो. १ टक्क्याच्या खाली असाल तर किमान ३००० पेशी मोजा, आणि दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजा.

२. फ्लास्कचा रंग आणि हाताची सवय

मीडियममधला फिनॉल रेड फुकटचा पीएच-मीटर आहे. केशरी-लाल असेल तर ठीक. पिवळे असेल तर लॅक्टिक आम्ल साचले, म्हणजे पॅरासायटेमिया जास्त आहे किंवा मीडियम बदलायला उशीर झाला. गुलाबी-जांभळट असेल तर कार्बन डायऑक्साइड निसटला.

कुप्या गोठवण्याची वेळ सोडली तर पॅरासायटेमिया ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. लागण झालेली पेशी साध्या पेशीच्या कित्येक पट ग्लुकोज खाते, आणि ट्रोफोझोइट अवस्थेत ही भूक सर्वांत मोठी असते. शुक्रवारी ३ टक्के शायझॉन्ट असलेला फ्लास्क तसाच सोडून गेलात तर रविवारी तो १० टक्क्यांच्या पुढे जाईल आणि सोमवारी काळे ठिपके मोजत बसाल. सुट्टीआधी ०.२ ते ०.५ टक्क्यांवर उतरवा. दर सोमवारी कल्चर मंदावत असेल तर पुढचे काही तपासण्याआधी शनिवार-रविवारची नोंद बघा.

हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे द्रवातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीकडे, सहसा कुणी बघत नाही. रोज मीडियम काढताना थोड्या पेशी पिपेटबरोबर जातात, आणि ४ टक्क्यांचे आठवड्याभरात २ टक्के होते. पॅरासायटेमिया हे प्रमाण असल्याने ही घट त्यात दिसत नाही, मग पेशींची भर घातली की तो ‘घसरतो’. आठवड्यातून एकदा केशनळीत फिरवून खरा आकडा बघा. २ ते ४ टक्के ठेवा. टी-२५मध्ये ५ मिलि मीडियम पुरे. जास्त भरले की थर खोल होतो आणि वायू तळापर्यंत नीट पोहोचत नाही.

मीडियम घालण्याआधी ३७ अंशांना आणा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ बोचरी असते. थंड स्टीलच्या ओट्यावर अर्धा तास राहिलेल्या फ्लास्कमधले परजीवी मरत नाहीत, पण त्यांचे चक्र मागे पडते. मग ४८ तासांनी केलेली मोजणी खरे तर त्याहून कमी तासांची असते आणि वाढ कमी भासते.

३. तापमान

इन्क्युबेटरच्या दारावरचा आकडा म्हणजे सेन्सरपाशी असलेले तापमान. फ्लास्कचे तापमान वेगळे असू शकते. पाण्याने भरलेल्या बीकरमध्ये तपासलेला थर्मामीटर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही कप्पे बघा. त्यांत एका अंशाहून जास्त फरक असेल तर ज्या कप्प्यावर ३७ येते त्यावर चिकटपट्टी लावा आणि कल्चर तिथेच ठेवा.

उन्हाळ्यातला खरा घोटाळा मात्र वेगळा आहे. साध्या इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. ३७ अंश धरून ठेवायला भोवतालची खोली त्याहून चार-पाच अंश तरी थंड लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या आसपास असतो. रात्री वीज गेली, ती आल्यावर एसी आपोआप चालू झाला नाही, पण इन्क्युबेटर झाला, तर आत ३९-४० अंश चढतात आणि सकाळी कुणी येईपर्यंत सगळे पूर्ववत दिसते. ४० अंशांच्या आसपास काही तास गेले तर रिंग तग धरतात, ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट मात्र होरपळतात. सकाळी स्लाइडवर फक्त रिंग आणि काळे ठिपके दिसले आणि आदल्या दिवशी सगळ्या अवस्था होत्या, तर आधी हाच संशय घ्या. काहीशे रुपयांचा किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर आत ठेवला की चोर सापडतो. एसीला वीज आल्यावर स्वतः चालू होण्याची सोय आहे का तेही बघा.

इथे थांबा: आकडा सेट करूनही आतले तापमान वर-खाली होत असेल तर सेन्सर किंवा रिले गेलेला आहे. पॅनेल उघडू नका, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलवा आणि तोवर कल्चर दुसरीकडे हलवा.

४. वायू

या परजीवीला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो. नेहमीचे मिश्रण ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९० टक्के नायट्रोजन. कर्करोगाच्या पेशींसाठी असलेल्या कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरमध्ये फ्लास्क तसाच ठेवला तर त्याला हवेतला जवळपास सगळा ऑक्सिजन मिळतो. काही स्ट्रेन तिथेही रखडत जगतात, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही.

सिलिंडर नवा असेल तर प्रमाणपत्र वाचा. ‘५ टक्के कार्बन डायऑक्साइड, उरलेली हवा’ असे मिश्रणही बाजारात असते आणि मागणीपत्रात नीट लिहिले नाही तर तेच येते. दोन्ही सिलिंडर बाहेरून सारखेच.

गळती शोधायला एक फुकटची चाचणी आहे. फ्लास्कमध्ये पेशी न घालता नुसते मीडियम भरा, नेहमीसारखा वायू सोडा, झाकण आवळा आणि २४ तास ३७ अंशांना ठेवा. रंग केशरी-लाल राहिला तर वायू आणि झाकण ठीक. जांभळट झाला तर झाकणातून गळते किंवा वायू पुरेसा भरला जात नाही. टी-२५ला निर्जंतुक फिल्टरमधून हलक्या प्रवाहाने ३० सेकंद पुरतात. जोराने सोडला तर मीडियमला फेस येतो आणि फवारा झाकणापर्यंत उडतो, संसर्गाला आमंत्रणच. स्वतंत्र वायू भरलेल्या फ्लास्कचे झाकण घट्ट हवे. डबा किंवा डेसिकेटर वापरत असाल तर ते अर्धा आटा सैल, किंवा फिल्टर असलेले झाकण घ्या. या दोन पद्धतींची सरमिसळ नव्या हातांकडून हमखास होते.

मेणबत्तीचे डेसिकेटर वापरणाऱ्यांनी साधी पांढरी मेणबत्ती घ्यावी, सुगंधी नको. झाकणाचा कॉक उघडा ठेवून ज्योत मिणमिणू लागली की बंद करा. या पद्धतीत ऑक्सिजन साधारण १५ ते १७ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास राहतो. कडेला व्हॅसलीन लावू नका, ३७ अंशांना ते पातळ होऊन ओघळते. सिलिकॉन ग्रीस लावा.

सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणे तुमचे काम. रेग्युलेटर खोलणे नाही. सिलिंडरच्या मुख्य वाल्वमधून गळत असेल तर खिडक्या उघडा, खोली रिकामी करा आणि वायू पुरवणाऱ्याला बोलवा. नायट्रोजनला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला नकळत बेशुद्ध करतो.

५. रक्त

घोडे बहुतेक वेळा इथेच पेंड खाते.

रक्तपेढीतून आलेली बॅग एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासलेली असते. दात्याच्या तांबड्या पेशी परजीवीला मानवतील का, हे त्यात कुणी बघत नाही.

साठवण आधी बघा. पेशी ५०० जी वेगाला १० मिनिटे फिरवा, ब्रेक बंद ठेवा, वरचा प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा थर काढून टाका आणि सीरम न घातलेल्या आरपीएमआयने तीनदा धुवा. बॅगेत रक्त गोठू न देणारे सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि मेरोझोइटला पेशीत शिरायला कॅल्शियम लागते, म्हणून धुणे टाळायचे नाही. ५० टक्के हिमॅटोक्रिटला ४ अंशांवर ठेवा. दोन आठवड्यांपर्यंत उत्तम, चार आठवड्यांपुढे वापरू नका. बॅगवरची मुदत ३५ किंवा ४२ दिवसांची असते, पण ती रुग्णाला चढवण्यासाठी. परजीवी अधिक चोखंदळ आहे.

रक्त दात्याकडून थेट घेत असाल तर नळीच्या झाकणाचा रंग बघा. हिरवे झाकण म्हणजे हेपरिन, आणि हेपरिन मेरोझोइटला पेशीत शिरू देत नाही. शायझॉन्ट भरघोस, रिंग शून्य, असे असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आता ते दुसऱ्या चक्रात मरण्याचे लक्षण. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी औषधे परजीवीच्या एपिकोप्लास्ट नावाच्या अंगकावर काम करतात. पहिल्या ४८ तासांत काहीच बिघडलेले दिसत नाही, रिंग नेहमीसारख्या येतात, आणि त्यांची पुढची पिढी संपते. म्हणून नव्या बॅगेवर दोन दिवस बघून ‘चांगली आहे’ असा शेरा मारण्यात अर्थ नाही, ९६ तास थांबायलाच हवे. पावसाळ्यात आणि त्यानंतर तापाच्या साथीत ही औषधे घराघरांत घेतली जातात. धुतल्याने बराचसा अंश जातो, पण सीरम त्याच दात्याचे वापरत असाल तर धुण्याचा उपयोग काय? संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्या दात्याचे रक्त तर नकोच. ते रक्तपेशींत साठते आणि शरीरातून जायला आठवडे लागतात.

सिकलसेलचा मुद्दा आपल्याकडे गांभीर्याने घ्यायला हवा. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि शेजारच्या नंदुरबार, धुळे भागात सिकलसेलचे वाहक आढळतात. वाहक स्वतः ठणठणीत असतो आणि रक्तदानही करतो. त्याच्या पेशींत परजीवी १७ टक्के ऑक्सिजनला नीट वाढतो, पण ५ टक्क्यांवर किंवा त्याखाली आणला की अडतो. त्यामुळे मेणबत्तीच्या डेसिकेटरमध्ये तीच बॅग चालते आणि सिलिंडरच्या वायूवर चालत नाही. मग बिचाऱ्या सिलिंडरवाल्याला बोल लागतो. सिकलसेलची विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, प्रत्येक नव्या बॅगेवर करा. थॅलसेमियाचे वाहक आणि जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या दात्यांच्या पेशीही वाढ मंदावू शकतात. चाचणी सकारात्मक आली तर ते रक्तपेढीला कळवा. दात्याला काय सांगायचे ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, प्रयोगशाळेने परस्पर फोन करू नये.

रक्तगट: अल्ब्युमॅक्स वापरत असाल तर बहुतेक गट चालतात. माणसाचे सीरम वापरत असाल तर गट जुळला पाहिजे. सर्वांत बिनघोर जोडी म्हणजे ओ गटाच्या पेशी आणि एबी गटाचे सीरम. एकाच दात्याचे सीरम घेऊ नका, अनेकांचे एकत्र करून ५६ अंशांना ३० मिनिटे तापवलेले घ्या. हिवताप होऊन गेलेल्या माणसाच्या सीरममधली प्रतिपिंडेच वाढ रोखू शकतात.

नवी बॅग जुनी संपण्याच्या आठ दिवस आधी आणा. आठ दिवसांचे हे अंतर नसेल तर बाकीची सगळी शिस्त वाया.

चार खणांची चाचणी

इथवर दोष सापडला नसेल तर आता रक्त आणि मीडियम यांचा निवाडा करा. सहा खणांची प्लेट घ्या. मंदावलेले कल्चर ०.५ टक्के पॅरासायटेमिया आणि २ टक्के हिमॅटोक्रिटवर चार खणांत लावा: जुने रक्त-जुने मीडियम, जुने रक्त-नवे मीडियम, नवे रक्त-जुने मीडियम, नवे रक्त-नवे मीडियम. ‘नवे’ म्हणजे शक्यतो दुसऱ्या प्रयोगशाळेत ज्यावर कल्चर धडधाकट चालू आहे ते. ४८ आणि ९६ तासांनी स्लाइड करा.

नव्या रक्ताचे दोन्ही खण वाढले तर रक्त दोषी. नव्या मीडियमचे दोन्ही वाढले तर मीडियम. फक्त नवे-नवे वाढले तर दोन्ही. चारही बसले तर दोष वायू, तापमान किंवा खुद्द परजीवीत. चारही वाढले तर अडचण जुन्या फ्लास्कमध्ये किंवा हाताळणीत होती, क्रमांक दोनचा भाग पुन्हा वाचा.

६. मीडियम आणि पाणी

डब्यावरचे लेबल वाचा. आरपीएमआयची पूड बहुधा सोडियम बायकार्बोनेटशिवाय येते, तयार द्रव मीडियममध्ये ते असते. पुडीचा ब्रँड बदलला की बायकार्बोनेट दोनदा पडते किंवा पडतच नाही. हेपेस या बफरचेही तेच.

एका लिटरला साधारण प्रमाण असे: आरपीएमआय पूड १०.४ ग्रॅम, हेपेस ५.९४ ग्रॅम, बायकार्बोनेट २ ग्रॅम, जादा ग्लुकोज २ ग्रॅम, हायपोझँथिन ५० मिलिग्रॅम, अल्ब्युमॅक्स ५ ग्रॅम, जेन्टामायसिन १० ते ५० मिलिग्रॅम. पीएच ७.२ ते ७.४. गाळताना तो थोडा वर सरकतो, म्हणून आधी ७.२ला आणा.

यातल्या हायपोझँथिनवर लक्ष ठेवा. परजीवी प्युरिन स्वतः बनवू शकत नाही आणि आरपीएमआयमध्ये हायपोझँथिन नसते. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. तसेच टाकले तर बारीक कण गाळणीवर अडतात आणि कागदावर परिपूर्ण असलेले मीडियम प्रत्यक्षात उपाशी ठेवते. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या थोड्या मिलिलिटरमध्ये आधी पूर्ण विरघळवा, मग मिसळा.

अल्ब्युमॅक्स हलवून विरघळवू नका. कोमट मीडियमवर भुरभुरा आणि आपोआप बुडू द्या. फेस आला म्हणजे प्रथिन बिघडले. प्रत्येक लॉटची गुणवत्ता सारखी नसते, म्हणून चांगला लॉट मिळाला की वर्षभराचा एकदम घ्या. तयार मीडियम ४ अंशांवर ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. त्यापुढे ग्लुटामिन मोडत जाते.

पाणी १८.२ मेगाओहमचे हवे. शहरात बोअरचे पाणी असलेल्या इमारती पुष्कळ आहेत आणि ते जड असते. अशा पाण्यावर आरओ आणि आयन काढणारे काट्रिज लवकर संपते. मीटरचा आकडा रोज लिहा. संशय असेल तर विकतच्या निर्जंतुक, एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यात २०० मिलि मीडियम बनवून तुलना करा, काट्रिज मागवण्याआधी. काचेच्या बाटल्यांत राहिलेला साबण हाही मारेकरीच. कल्चरच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्यांना साबण लावू नका आणि शुद्ध पाण्याने सहा-सात वेळा विसळा.

ऑटोक्लेव्हबद्दल एक जाता जाता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. इथे काटा १५ पौंड दाखवतो तेव्हा आत १२१ नव्हे, १२०च्या आसपास तापमान असते. दाबावर भरवसा न ठेवता तापमान बघा आणि वेळ थोडी वाढवा. सेफ्टी वाल्वशी खेळू नका.

७. संसर्ग

बॅक्टेरिया आणि बुरशी दिसतात, म्हणून ती बरी. गढूळ फ्लास्क वाचवायचा नाही. १ टक्का हायपोक्लोराइट घालून अर्धा तास ठेवा आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा. हायपोक्लोराइट घातलेली वस्तू मात्र ऑटोक्लेव्ह करू नका, क्लोरीन सुटतो. अँटिबायोटिकचा डोस वाढवून कल्चर ओढत नेणे म्हणजे रोग झाकणे. मीडियमची प्रत्येक नवी बाटली वापरण्याआधी त्यातले ५ मिलि ३७ अंशांना ४८ तास ठेवून बघा.

बुरशी पावसाळ्यात येते, आणि बरेचदा इन्क्युबेटरच्या पाण्याच्या तबकातून किंवा आत आणलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून. ७० टक्के अल्कोहोलने तिचे बीजाणू मरत नाहीत. पातळ हायपोक्लोराइटने पुसा, मग लगेच पाण्याने, नाहीतर स्टील गंजते.

मायकोप्लाझ्मा दिसत नाही. मीडियम गढूळ होत नाही, वास नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो आणि जेन्टामायसिनला बरेचदा दाद देत नाही. फक्त वाढ महिनोन्महिने रेंगाळते. वरचे सगळे ठीक असूनही कल्चर कधीच जोमात येत नसेल तर पीसीआर करा. सापडला तर ते कल्चर आणि त्यापासून गोठवलेल्या सगळ्या कुप्या टाकून द्या. मायकोप्लाझ्माविरुद्धची काही औषधे परजीवीलाही मारतात, त्यामुळे उपचारापेक्षा स्वच्छ कुपीपासून सुरुवात स्वस्त पडते.

संसर्ग वारंवार येत असेल आणि हात, मीडियम, रक्त निर्दोष असतील तर सेफ्टी कॅबिनेटचा हवाप्रवाह आणि हेपा फिल्टर तपासून घ्या. हे प्रमाणपत्र देणाऱ्या तंत्रज्ञाचे काम आहे. उदबत्तीचा धूर सोडून बघणे ही तपासणी नव्हे.

८. परजीवी आणि साठा

महिनोन्महिने एकच कल्चर चालवले की परजीवी बदलतो. गॅमेटोसाइट बनवण्याची क्षमता जाते, काही जनुके गळतात, वेगाने वाढणारे तेवढे उरतात. दोन-तीन महिन्यांनी ताजी कुपी वितळवणे हा नियमच ठेवा. म्हणजे ‘दर दोन महिन्यांनी बसते’ याच्या आत तुम्हीच त्याला निवृत्त करता.

कुप्या गोठवताना ५ टक्क्यांच्या वर कोवळ्या रिंग हव्यात. ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट वितळवताना फुटतात. कल्चर एका अवस्थेत आणायला ५ टक्के सॉर्बिटॉल वापरा. लॅम्ब्रोस आणि व्हँडरबर्ग यांची १९७९ची ही पद्धत आजही पुरते.

वितळवताना घाई नको. कुपी ३७ अंशांना वितळली की तिच्या आकारमानाच्या एक पंचमांश १२ टक्के मीठ थेंबाथेंबाने घाला, ५ मिनिटे थांबा, मग दहा पट १.६ टक्के मीठ तितक्याच संथपणे, फिरवा, आणि शेवटी ०.९ टक्के मीठ व ०.२ टक्के ग्लुकोज. पेशींच्या आत ग्लिसरॉल असते. पाणी एकदम मिळाले की त्या फुटतात आणि वरचे द्रव लालभडक होते. परजीवी दिसायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. तोवर फ्लास्क फेकू नका.

दोन वेगवेगळ्या कुप्या, चाचणीत पास झालेले रक्त आणि उसने आणलेले मीडियम वापरूनही काही येत नसेल तर साठाच गेला असे धरा. द्रव नायट्रोजनची टाकी कधीतरी कोरडी पडली असणार. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत परजीवींची बँक आहे, संस्थेमार्फत तिथे रीतसर मागणी करा. मित्राच्या प्रयोगशाळेतून खिशातून आणलेला फ्लास्क नको. त्यात कोणता स्ट्रेन आहे ते एमएसपी-१ आणि एमएसपी-२ या जनुकांच्या पीसीआरशिवाय कळणार नाही, आणि मायकोप्लाझ्मा फुकट येतो.

एखाद्या रुग्णाच्या रक्तातला व्हायवॅक्स, हिवतापाचाच दुसरा परजीवी, वाढत नाही म्हणून वरच्या आठही पायऱ्या पालथ्या घालणारेही भेटतात. व्हायवॅक्सला अगदी कोवळ्या तांबड्या पेशी, रेटिक्युलोसाइट लागतात, आणि त्याचे अखंड कल्चर अजून कुणालाही रुटीनमध्ये जमलेले नाही. तुमचे काहीही चुकलेले नाही.

सुई टोचली तर

ही एकच गोष्ट अशी की तिच्यात आधी स्वतः काही तपासायचे नाही. फ्लास्कमधले परजीवी हवेतून लागत नाहीत, पण रक्तात गेले तर फाल्सिपेरमचा खरा हिवताप होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताप यायची वाट बघत बसू नका. कोणता स्ट्रेन होता आणि तो कोणत्या औषधाला दाद देत नाही हे डॉक्टरांना सांगावे लागते: ३डी७ क्लोरोक्विनला बळी पडतो, डीडी२ आणि के१ पडत नाहीत. रक्त माणसाचे असल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या दृष्टीनेही डॉक्टर तपासतील, म्हणून बॅगेचा क्रमांक सोबत न्या. चालू असलेल्या प्रत्येक स्ट्रेनचे नाव, त्याचा औषधरोध आणि सध्याच्या बॅगेचा क्रमांक असा एक कागद इन्क्युबेटरच्या दारावर चिकटवा. बॅग बदलली की त्याच दिवशी तो कागदही बदला.